साठ, एकसष्ट, साठ

१२ जानेवारी

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांगा. इकडे सगळं ठीक. हिची मान धरली होती ती सुटली. माझं पोट मात्र वाढतंच आहे आणि त्याला अजून कुठल्याही डॉक्टरनं हात घातलेला नाही.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, कारण ते मी चारदा वाचलं. या वयातही तुमची एक ओळ वाकडी जात नाही. फोनवर विचारलं असतंत तर पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो, पण तुम्हाला सूचना लेखी लागतात हे मला ठाऊक आहे. चुलत का होईना, तुमच्या हाताखाली वाढलेला भाऊ आहे मी.

चिरंजीव तीन वर्षं तुमच्याशी धड बोलत नव्हते, आणि आता तीन महिन्यांच्या कामावर जाताना तुमच्या ओटीत टाकलं काय, तर अजगर. तुम्ही लिहिता, दारात काचेची पेटी ठेवली आणि म्हणाला, "बाबा, एवढं एक नीट सांभाळा, मग वरच्या खोलीचं बघू." यात अपमान शोधत बसू नका. वरच्या खोलीला तुम्ही रंग काढून घेतलात, नवी गादी भरून आणलीत, हे वहिनींकडून कळलं. म्हणजे मुलगा घरी यायला हवा आहे. मग त्याचा रस्ता त्या पेटीवरून जात असेल तर जाऊ दे.

घाबरू नका. ही जात गरीब. वाढून वाढून अडीच-तीन हात होणार. भ्यायली की गोळा होते आणि डोकं मध्ये खुपसून घेते, म्हणून तर त्यानं तिचं नाव चुंबळ ठेवलंय. खाणं तो सांगून गेलाच आहे. मी सांगणार आहे ते फक्त हवेचं, कारण माझी भाकरी हवेवर आहे. लोकांच्या हरितगृहांत, गोदामांत, संग्रहालयांत हवा किती कोरडी आणि किती दमट हवी ते सांभाळून देणं, एवढंच मला येतं.

तर पेटीतला दमटपणा साठ टक्के हवा. पन्नासच्या खाली गेला की कुरकुर सुरू. तिच्या डोळ्यांवर निळसर साय धरली म्हणजे कात टाकायची वेळ आली समजायचं. तेव्हा सत्तरवर न्यायचा. हवा बरोबर असेल तर कात पायमोजा उलटा ओढावा तशी अख्खी निघते. हवा कोरडी असेल तर ती तुकड्यातुकड्यानं निघते आणि जिथे राहू नये तिथे राहते. डोळ्यांवर राहते. शेपटीच्या टोकावर कडं होऊन राहते, आणि ते कडं वाळत जातं तसं आवळत जातं. पुढचं तुम्हाला कळेल.

पेटीचं झाकण जाळीचं आहे, त्यातून सगळी ओल उडून जाणार. जाळीचा तीन चतुर्थांश भाग जाड प्लास्टिकनं झाका, बाकीचा मोकळा ठेवा, तिला श्वास घ्यायचा आहे. पाण्याचं भांडं पसरट घ्या आणि गरम पट्टी आहे त्या बाजूला सरकवा. खाली नारळाचा भुसा आहे तो वरून भिजवायचा नाही. कोपऱ्यातून हळूच पाणी सोडायचं, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. वरचा थर ओला राहिला तर पोटाची कातडी नासते. आतल्या डब्यात ओलं शेवाळ ठेवा, तिला वाटेल तेव्हा ती जाऊन बसेल.

आणि एक. फवारा मारून काच ओली दिसली म्हणजे काम झालं असं समजू नका. तुमच्याकडे दिवसभर हीटर चालतो. काचेवर थेंब ओघळत असतात आणि हवा तहानलेली असते.

म्हणून धुक्याचं एक छोटं यंत्र आणि एक मीटर पाठवतो आहे. यंत्र दिवसभर गुणगुणत राहील. ते गुणगुणतंय तोवर चिंता नाही. सोबत एक वहीपण आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ मीटर बघायचा आणि आकडा लिहायचा. रविवारी फोनवर मला वाचून दाखवा. वही कशी ठेवायची ते मी तुम्हाला शिकवणं बरं दिसणार नाही.

वहिनींना सांगा, ती काही करत नाही. लांबून बघितलं तरी चालेल.

तुमचा धाकटा

*

२० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तब्येत बरी असेल. माझ्याकडे कामाची झुंबड आहे. एका संग्रहालयात जुन्या पोथ्यांची कपाटं बसवतोय, तिथला अधिकारी दर अर्ध्या तासानं येऊन विचारतो, हवा आली का. जसा काही मी ती पिशवीतून आणणार आहे.

वहीच्या पानांचे फोटो मिळाले. साठ, एकसष्ट, साठ. साठ, साठ, एकसष्ट. पाच आठवड्यांत एकदाही बासष्ट नाही, एकदाही अठ्ठावन्न नाही. दादा, पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे, इतकी शहाणी हवा मला अजून कुणी दाखवलेली नाही. त्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला मी ही पानं दाखवणार नाही, उद्या तो माझ्याऐवजी तुम्हाला बोलावेल.

पण परवा वहिनींचा फोन आला. चुंबळीनं कात टाकली म्हणाल्या, पण भिंतीचे पोपडे निघावेत तशी निघाली. एका डोळ्यावर अजून साय आहे. शेपटीला काहीतरी चिकटलंय. तुम्ही त्यांना सांगितलंत की या जातीचं असंच असतं. असं नसतं. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

एकदाच विचारतो. यंत्र चालू असतं ना?

विचारायचं कारण एवढंच की रविवारी तुम्ही आकडे वाचत होतात तेव्हा मागे बातम्या लागलेल्या ऐकू आल्या, स्वयंपाकघरात झाकण पडलेलं ऐकू आलं, तुमची खुर्ची तर नेहमीचीच. यंत्र ऐकू आलं नाही. फोन लांब असेल कदाचित. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. लहानपणी तुम्हीच म्हणायचात, याला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, याच्यासमोर बोलू नका.

कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल डब्यात घालून तिला त्यात अर्धा तास ठेवा, झाकणाला भोकं असू द्या. चिकटलेली कात सुटेल. ओढू नका, डोळ्याला तर हातही लावू नका. आणि यंत्र लावा. हे मी लेखी देतो आहे.

तुम्ही फोटोंसोबतच्या पत्राच्या शेवटी लिहिलंत की आज काका असते तर ही वही बघून खूश झाले असते. ते वाक्य वाचल्यावर मी पत्र घडी करून खिशात ठेवलं, दोन गिऱ्हाइकांना भेटून आलो, आणि पुन्हा काढून वाचलं. वाक्य तसंच होतं.

तुमचे काका, म्हणजे माझे बाबा, वही बघत नसत, दादा. छापखान्यात बावीस वर्षं हवा सांभाळली त्यांनी, पण भिंतीवरचे पारे ते सगळ्यात शेवटी बघायचे. आधी गठ्ठ्यातला एक कागद उपसायचे, कानाजवळ धरायचे आणि हलवायचे. हवा नीट असली की कागद मऊ बोलतो. कोरडी असली की तडतडतो. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. मी तिथे यंत्रदुरुस्तीला लागलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ते मला कोठारात न्यायचे, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, किती? मी सांगायचो. मग पारा बघायचो. दोन-तीन टक्क्यांहून जास्त मी कधी चुकलो नाही, आणि ते अजिबात चुकले नाहीत.

तेव्हा त्यांच्या खुशीचं तुम्ही लिहू नका. नकाशांच्या पुस्तकाचा विषय मी काढत नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

चुंबळीकडे लक्ष द्या. चिरंजीव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतायत ना.

तुमचा

*

१७ एप्रिल

दादा,

नमस्कार. तुमची दोन पत्रं लागोपाठ मिळाली. एकात तुम्ही म्हणता, यंत्रात दोष होता असं मी माझ्या कंपनीच्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून द्यावं. वही तुमच्याकडे आहेच, दोन्ही मुलापुढे ठेवता येतील. "तुझं काय जातं? घरातलंच आहे." दुसऱ्यात मुलगा कुठे राहायला गेला त्याचा पत्ता मागता, त्यानं माझ्याकडून सामान नेलं असं तुम्हाला कळलंय म्हणून.

दोन्हींचं उत्तर याच पत्रात देतो. जरा वेळ लागेल, कारण मला मागून सुरुवात करायची आहे.

तुम्हाला छापखान्यात बाबांनी लावलं. मालकांच्या पुढ्यात जाऊन म्हणाले, माझा पुतण्या आहे, अक्षर मोत्यासारखं आहे. त्या अक्षरावर तुम्ही सहा वर्षांत पाळीप्रमुख झालात आणि हवेची वही तुमच्याकडे आली. दर तासाला पारा बघून आकडा लिहायचा. तुम्ही सोमवारी सकाळच्या चहाबरोबर शनिवार संध्याकाळपर्यंतचे आकडे लिहून टाकायचात. पंचावन्न, छप्पन्न, पंचावन्न. मी समोरच्या यंत्राखाली पाठीवर पडलेलो असायचो, तिथून तुमचं टेबल सरळ दिसायचं. एकदा मी हसून विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, हवा काय बदलते का रे, काका आहेत ना.

ते खरंच होतं. काका होते तोवर ती बदलत नव्हती.

मग शाळांच्या नकाशांच्या पुस्तकाचं काम आलं. मंगळवारी हवेत ओल सोडणारा पंप बंद पडला. बाबांनी तुम्हाला लगेच सांगितलं, पंप गेलाय, वर कळवा, छपाई थांबवा. बुधवारी पुन्हा सांगितलं. गुरुवारी कागद हातात घेऊन आले आणि तुमच्या कानाशी धरून हलवला. तुम्ही वर कळवू शकत नव्हतात. वही शनिवारपर्यंत भरलेली होती, आणि त्यात बिघाडाला जागाच ठेवलेली नव्हती. पंप बंद असताना मंगळवारी पंचावन्न, बुधवारी छप्पन्न आले कुठून, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतात? एक पान फाडलं असतंत तरी चाललं असतं. पण तुमच्या वहीत खाडाखोड नसते.

पुस्तकं बांधून झाली तेव्हा सगळ्यांनी बघितलं. कागद आकसला होता, निळा रंग काळ्या रेघेवर बसलाच नव्हता. नद्या आपल्या पात्राशेजारून वाहत होत्या. समुद्र किनाऱ्यावर चढून दोन-दोन गावं गिळून बसला होता. अख्खी आवृत्ती रद्दीत गेली.

चौकशीला तुम्ही वही ठेवलीत. पंचावन्न, छप्पन्न, पंचावन्न. मग हवा बिघडली कशी, तर तुम्ही म्हणालात, दोन नोंदींच्या मधल्या वेळात काका पंपाच्या टाकीपाशी झोपलेले असायचे, दारं सताड उघडी टाकून. मी दोनदा बघितलं, म्हणालात. बाबांची नोकरी दोन वर्षं उरली होती, ती तिथेच गेली.

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही ते लिहितो. त्या खोलीत मीही होतो. मला विचारलं गेलं, तुम्ही रोज तिथे असता, काही पाहिलंत का. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, अगदी जराशी, नको म्हणून. घरातलं घरात राहू दे. मी म्हणालो, मी यंत्राखाली असतो, मला काही दिसत नाही. आजवर मी स्वतःला सांगत आलो की बाबांच्या मानेमुळे गप्प बसलो. तेवढंच नव्हतं. आदल्या दिवशी तुम्ही जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतात, तुझ्या कायम नोकरीचा कागद माझ्या टेबलावर आहे. दोन महिन्यांनी तो कागद सही होऊन आला, आणि मी तो घेतला.

बाबा त्यानंतर दीड वर्ष घरी होते. खिडकीशी बसून वर्तमानपत्र कानाशी हलवायचे. मला एकदाही काही बोलले नाहीत. ते गेल्यावर महिनाभरात मी तुमचा छापखाना सोडला आणि त्यांची हत्यारं घेऊन हा धंदा सुरू केला. लोक म्हणतात स्वतःच्या हिमतीवर वर आला. मी हसतो. तुमच्याकडेही हसत आलो, पंचवीस वर्षं. कार्यात तुमच्या पंगतीला बसलो, तुमच्या विनोदांना दाद दिली. तुम्हाला वाटलं, धाकटा विसरला. मी वाट बघत होतो. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. जानेवारीत तुमचं पत्र आलं, आत अजगर निघाला, आणि मला ते कळलं.

तुमच्या चुंबळीसाठी वही मी का पाठवली असेल, दादा? अशा पेटीला कुणी वही ठेवत नाही. मीटरवर आकडा दिसतो, बघायचा, कमी असेल तर पाणी घालायचं. वही मी मुद्दाम विकत आणली. आणि मीटर जो पाठवला तो दर दहा मिनिटांनी दमटपणा मोजतो आणि पोटात साठवून ठेवतो. हे तुम्हाला सांगायचं मी विसरलो नव्हतो.

तुमचा मुलगा ६ एप्रिलला सकाळी माझ्या कारखान्यात आला. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत यंत्र, मीटर आणि वही. वहिनींनी सांगितलं होतं, काकांकडे जा, त्यांना कळेल. चुंबळीचे दोन्ही डोळे पांढरे, अंगावर जुन्या कातीच्या चिंध्या, शेपटीचं टोक काळं पडून सुकलेलं. तो माझ्यावरच चिडलेला होता. "काका, बाबा म्हणाले तुमचं यंत्र खराब निघालं."

मी पिशवी रिकामी केली. मीटर जोडला, जानेवारी ते एप्रिलचे आकडे कागदावर काढले आणि कागद वहीशेजारी ठेवला. पहिले नऊ दिवस ठीक. पुढे वहीत साठ, कागदावर एकोणतीस. वहीत एकसष्ट, कागदावर सत्तावीस. यंत्राची गुणगुण तुमच्या दुपारच्या झोपेच्या आड येत होती, हे वहिनींनी त्याला नंतर सांगितलं. त्यानं पानं उलटली, बोट लावून एकेक ओळ ताडून बघितली. असं ताडून बघायला त्या चौकशीत कुणी नव्हतं, आणि ज्याला जमलं असतं तो यंत्राखाली होता.

मध्येच तो थांबला. म्हणाला, हे काय? कागदावर रोज सकाळी अकराच्या सुमाराला आकडा तिसावरून एकदम पंचेचाळीसवर चढतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा खाली येतो. रोज, एक दिवस चुकलेला नाही. मी ओळखलं, पण त्यालाच आईला फोन करू दिला. तुम्ही अकराला भाजी आणायला बाहेर पडता. वहिनी तेवढ्यात झाडांचा फवारा घेऊन पेटीजवळ जायच्या, डोळे मिटून झाकण उघडायच्या आणि आत मारून पळून यायच्या. त्यांना सापाची किती भीती आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं, यात लुडबुड करू नको, मी बघतोय. फोन ठेवल्यावर तुमचा मुलगा बराच वेळ त्या कागदावर हात ठेवून बसला.

मग त्यानं मला विचारलं, "काका, यंत्र बंद आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. तुमच्याहून बरं बोललो असतो. मी म्हणालो, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. यंत्र ऐकू येत नव्हतं हे होतंच, पण फोनवर प्रत्येक आकड्याआधी पेनाचं टोक दाबल्याचा आवाज येत होता. लिहिलेलं वाचणारा माणूस पेन उघडत नाही.

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, मला वही भरायला हवी होती. आणि त्याला नकाशांच्या पुस्तकाचं सगळं सांगितलं, माझ्या त्या कायम नोकरीच्या कागदासकट. त्यानं ऐकून घेतलं आणि पेटीकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघंही."

एवढंच. त्या बोलण्यातला माझा वाटा मी घेतला आहे. फेब्रुवारीत तुम्हाला एकदा विचारून मी हात झटकले, आणि नंतरच्या सहा आठवड्यांत त्या मुक्या जिवाच्या शेपटीवरचं कडं आवळत गेलं. तीन दिवस ती माझ्याकडे होती. ओल्या टॉवेलात ठेवून, घटकाघटकानं पाणी बदलून मी तिचे डोळे मोकळे केले. शेपटीचं टोक वाचलं नाही, बोटभर तुकडा डॉक्टरांनी काढला. त्याबद्दल मी तिची माफी मागायची तर कशी मागायची मला कळत नाही. तुमची मागणार नाही.

आता तुमची दोन कामं.

कंपनीच्या कागदावर हवं होतं, ते सोबत जोडलं आहे. सही आहे, शिक्का आहे. यंत्र तपासलं, निर्दोष आहे, ब्याऐंशी दिवसांपैकी त्र्याहत्तर दिवस बंद ठेवलेलं आढळलं. खाली आणखी एक परिच्छेद आहे, नकाशांच्या पुस्तकाच्या आवृत्तीविषयी, मी डोळ्यांनी बघितलं तेवढाच. पंप कुठल्या वारी बंद पडला, तुम्हाला किती वेळा सांगितलं गेलं, टाकीपाशी कोण जागं होतं आणि चौकशीत खोटं कोण कोण बोललं. माझं नाव तिथे तुमच्या नावाखाली आहे. छापखाना आता राहिला नाही, मालकही गेले. म्हणून त्याच्या प्रती मी आपल्या नात्यातल्या अकरा घरी पाठवल्या आहेत, जिथे जिथे बाबांना झोपाळू म्हणून हसले होते तिथे तिथे. तुमच्या हातात हे पत्र पडेल तोवर त्या पोचलेल्या असतील. पुढच्या कार्यात भेटू तेव्हा आपल्या दोघांकडेही लोक बघतील. मी येणार आहे. तुम्हीही या.

दुसरं, पत्ता. पत्ता माझ्याकडे आहे. मुलानं नवं मीटर आणि शेवाळ मागवलं तेव्हा दिला. चिठ्ठीत काका असं लिहिलेलं नव्हतं, नुसतं सामान आणि पत्ता, गिऱ्हाईक लिहितं तसा. तो मी तुम्हाला देणार नाही. त्यानं तसं सांगितलेलं नाही, हे माझं मी ठरवलं आहे. मागाल तितक्या वेळा मागा, लेखी मागा, मला तुमचं अक्षर वाचायला आवडतं.

वहिनींना मात्र दिला आहे. गुरुवारी त्या दुपारभर शिवणाच्या वर्गाला जातात असं तुम्हाला वाटतं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा गेल्या. मुलानं जेवायला घातलं, दोघं चार वाजेपर्यंत बोलत बसली, आणि चुंबळ तिच्या ओल्या शेवाळातून डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होती. वहिनींनी तिला हात लावला. गार नसते, म्हणाल्या, मला वाटायचं गार असेल. हे तुम्हाला कळवू का, असं मी त्यांना विचारलं.  त्या म्हणाल्या, "कळवा. घरात बसून कळू दे त्यांना."

आता दर गुरुवारी हेच चालेल. त्या दोनला निघतील. दार लावून घ्या.

तुमच्या काकांचा मुलगा